रांगेला ऐकू जाणारी उत्तरं

आमच्या रस्त्यावर कुणाला काय झालंय हे कळायला कुणाच्या घरी जावं लागत नाही. संध्याकाळी ऑफिसं सुटली की माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या मेडिकलसमोर उभं राहिलं की पुरतं. माझं शिवणाचं दुकान बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. त्यामुळे मला उभंही राहावं लागत नाही, मशीनवर बसल्या बसल्या सगळं कानावर येतं. मशीन चालू असलं तरी येतं.

लोक त्याला भोंगा म्हणतात. पाठीमागे म्हणतात, त्याला ते माहीत आहे, आणि वर त्याचा अभिमानही आहे. मी त्याला तोंडावर जावईबुवा म्हणते, अहो-जाहो करते, कारण आईनं तशी शिस्त लावली होती. पण आई आता नाही आणि इथे तोही ऐकायला नाही, तेव्हा इथे मी त्याला अरे-तुरेच करणार.

त्याला औषधं कळत नाहीत असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? कुठली गोळी रिकाम्या पोटी, कुठली दुधाबरोबर चालत नाही, कुठल्या दोन गोळ्यांचं एकमेकींशी पटत नाही, सगळं त्याला तोंडपाठ आहे. डॉक्टरांची गिचमीड अक्षरं तो फोनवर बोलता बोलता वाचतो. त्याची खोड वेगळीच आहे. विचारलेला प्रश्न तो आधी स्वतः मोठ्यानं म्हणून दाखवतो.

गिऱ्हाईक कौंटरवर वाकतं, इकडेतिकडे बघतं, आवाज खाली आणून काहीतरी पुटपुटतं. भोंगा अंग मागे घेतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि म्हणतो, "काय? जुलाब? दिवसातून किती वेळा?" किंवा, "खाज म्हणालात? कुठे?" रांग एकदम गप्प होते. पुढे उत्तर येतं ते सविस्तर, हातवाऱ्यांसकट, रांगेच्या शेपटाला उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचेल असं. त्या बिचाऱ्याच्या हातात गोळ्यांचं पाकीट पडेपर्यंत त्याचे कान लालबुंद झालेले असतात. मग तो मागे न बघता सुटतो, आणि सुट्टे पैसे घ्यायलाही थांबत नाही.

कुणी हिय्या करून म्हणालंच की जरा हळू बोला, तर भोंग्याचं ठरलेलं आहे. "अहो, लाज कसली? शरीर सगळ्यांनाच आहे." असं म्हणणाऱ्या माणसानं स्वतःचं शरीर कधी चव्हाट्यावर मांडलेलं मी पाहिलं नाही. मधे त्याला मूळव्याध झाली होती. महिनाभर तो दुकानात उशीवर बसत होता आणि विचारणाऱ्याला कंबर धरली म्हणून सांगत होता. मला हे बहिणीकडून कळलं, रांगेला कुणी सांगितलं नाही. आता मी सांगतेय, तर सांगतेय.

मीही माणसांच्या अंगाशीच काम करते. कुणाचं पोट सुटलंय, कुणाचा एक खांदा खाली आहे, मला टेप लावल्याबरोबर कळतं. आकडा मनात धरते आणि खडूनं कापडावर मांडते. आजवर एकाही बाईची कंबर माझ्या दुकानाबाहेर गेलेली नाही. याला फार अक्कल लागते असंही नाही, तोंड मिटता आलं की झालं.

भोंग्याच्या या तऱ्हेमुळे आमच्याकडची माणसं आजारीच पडेनाशी झाली. आजारी पडायचे ते त्यांचे शेजारी, मित्र, चुलत भाऊ. हेडमास्तरांच्या चुलत भावाला जंत झाले. हेडमास्तरांना चुलत भाऊच नाही. बँकेतल्या कॅशियरच्या एका मित्राला लग्नानंतर काही जमेना. "मित्राला म्हणावं, लाजू नकोस, स्वतः ये. खुर्ची देतो, बसवून समजावतो," भोंगा म्हणाला आणि रांग खिदळली. मित्र काही आला नाही, आणि कॅशियरही पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाही. एका बाईनं तर कुत्र्यासाठी औषध मागितलं. कुत्र्याला काय होतंय, तर लघवीला जळजळ. भोंगा म्हणाला, "बोलकं दिसतंय हो तुमचं कुत्रं." हे वाक्य त्यानं पुढे आठवडाभर येईल त्याला ऐकवलं.

आता माणूसच खोटं म्हटल्यावर त्याचं वय खोटं, वजन खोटं, आधीचे आजार खोटे. भोंगा आपलं खरंखुरं ज्ञान पाजळून नसलेल्या माणसाला बरा करत बसायचा, आणि असलेला माणूस ते औषध घरी नेऊन मुकाट गिळायचा. हे त्याच्या लक्षात येत नव्हतं असं नाही. येत होतं, म्हणून तर तो हसायचा. आपलं दुकान म्हणजे औषधं देण्याची जागा आहे, लोकांना उघडं पाडण्याची नाही, हे मात्र त्याच्या टाळक्यात कधी शिरलं नाही.

दुकानातला खेळ संपला की घरी दुसरा प्रयोग. ताटावर बसल्यावर तो धाकटीला सगळं साग्रसंगीत ऐकवायचा, कोण आलं, काय म्हणालं, आपण काय टोला हाणला. धाकटी वाढता वाढता ऐकायची. दुपारी तो झोपला की तीच दुकानात बसून खोकी लावायची, त्यामुळे सगळी माणसं तिला तोंडओळखीची होती. आपल्या नवऱ्याच्या तोंडून कोण कसं निघतं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

पुढचं सगळं मला फार उशिरा कळलं, पण सांगते ते घडलं त्या क्रमानं.

धाकटीची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. हिवाळ्यात एके दिवशी तिला पुन्हा रक्त दिसलं. थोडं, मग बंद, मग पुन्हा. तिनं घाबरून दोन-चार दिवस काढले आणि शेवटी जेवताना नवऱ्यापुढे विषय काढला. पण स्वतःचं नाव घेऊन नाही. म्हणाली, "दुपारी एक बाई विचारत होती. पाळी जाऊन वर्षं झाली आणि आता पुन्हा जातंय म्हणे. तिला काय सांगायचं?"

भोंग्यानं उत्तर बरोबर दिलं. घास तोंडात ठेवूनच म्हणाला, "डॉक्टरकडे जा म्हणावं, ताबडतोब. असलं अंगावर काढायचं नसतं." इतकंच बोलून गप्प बसला असता तर आज मी हे लिहायला बसले नसते. पण त्याला लगेच हुक्की आली. "कोण गं? तिसऱ्या मजल्यावरची ना? मला वाटलंच. तोंडावरूनच कळतं." धाकटी नाही नाही म्हणत राहिली, तसतशी त्याची खात्री पटत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची बाई सर्दीची गोळी घ्यायला आली. तिच्या मागे निम्मी इमारत उभी. भोंगा म्हणाला, "सर्दीचं राहू द्या. ते दुसरं अंगावर काढू नका. या वयात रक्त जाणं बरं नव्हे, डॉक्टरला दाखवा." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मशीन थांबवून वर बघितलं तर ती बाई पांढरीफटक पडली होती. तिला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. ती पुढे कितीतरी दिवस जिन्यात मान खाली घालून चढत-उतरत होती, आणि बायका तिला मुद्दाम थांबवून तब्येत विचारत होत्या.

धाकटी त्या वेळी दुकानाच्या आतल्या दारात उभी होती. तिनंही ते ऐकलं, आणि ताबडतोब डॉक्टरकडे जा हे जे खरं उत्तर होतं ते त्या एका वाक्यानं कायमचं मातीत गेलं. डॉक्टरकडे जायचं तर फाइल होणार, तपासण्या होणार, औषधं याच दुकानातून येणार. आणि मग एखाद्या संध्याकाळी ती स्वतः त्या रांगेच्या तोंडी असणार.

म्हणून ती बसनं दूरच्या एका मेडिकलमध्ये गेली, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. कौंटरवर चष्मा लावलेली एक हडकुळी बाई होती. धाकटीनं तिला सांगितलं, माझ्या भाचीला गावाला जायचंय, पाळी पुढे ढकलायचीय. अशी गोळी असते हे तिला नवऱ्याच्या दुकानात खोकी लावून लावून माहीत होतं, आणि त्या गोळीनं रक्त थांबतं एवढंही माहीत होतं. त्या बाईनं हळू आवाजात सगळं विचारून घेतलं. वय किती, लग्न झालंय का, दिवस गेलेले नाहीत ना, पायात कधी गाठ झाली होती का. धाकटीनं माझ्या मुलीला डोळ्यांपुढे आणून एकेक उत्तर दिलं. सगळी उत्तरं खरी होती, फक्त ती माझ्या मुलीची होती.

रक्त थांबलं. गोळ्या संपल्या की पुन्हा सुरू व्हायचं, मग ही पुन्हा बस पकडायची. तिथे संशय येईल म्हणून पुढे दुसरं दुकान, मग तिसरं. माझी मुलगी त्या वर्षात किती वेळा गावाला गेली म्हणून सांगू, आणि तिला स्वतःला पत्ता नाही.

उन्हाळा सरता सरता धाकटी माझ्याकडे कपडे आत घ्यायला घेऊन आली. टेप लावला, आणि खात्री करायला पुन्हा एकदा लावला. अंगावर कपडा असा लोंबत होता की जणू दुसऱ्या कुणाचा चढवलाय. मी विचारलं, "खातेस की नाही काही?" ती म्हणाली, "उन्हाळ्यामुळे." मी पडदा ओढून घेतला आणि तिला स्टुलावर बसवलं. तिच्याकडे नुसती बघत राहिले, तेव्हा तिचा बांध फुटला. ती रडत रडत, कुजबुजत सगळं सांगत गेली.

"वेडी आहेस का गं तू?" मी म्हटलं. "घरात औषधाचं दुकान, आणि तू भाच्या उभ्या करत हिंडतेस? त्यांना आत्ताच्या आत्ता सांग. नाहीतर मी सांगते."

तिनं फक्त बोट वर करून पडद्याबाहेर दाखवलं. रस्त्यापलीकडून आवाज येत होता. "काय? पोरगं अजून गादी ओली करतं? कितवीत आहे?" आणि मग रांगेचं हसू. धाकटीनं माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला हॉस्पिटलात नेलं आणि परत आल्यावर जावईबुवांना घरी, दार लावून, रक्त जातंय आणि गोळ्या बाहेरून घेतल्यात एवढं सांगितलं. बाईमाणसाच्या जिवावर बेतलंय म्हटल्यावर माणूस आधी काय विचारेल? आमचे जावईबुवा म्हणाले, "दुकान घरात असताना गोळ्या बाहेरून घेतल्या? कुठून?"

"ते महत्त्वाचं आहे का?" मी म्हटलं.

"नाही कसं? चिठ्ठी नसताना दिल्याच कशा? लायसन घालवीन मी त्याचं."

आणि खरंच गेला. मी मागोमाग गेले, कारण हा तिथे काय दिवे लावणार याची मला धास्ती होती. त्या हडकुळ्या बाईसमोर पाच-सहा माणसं उभी होती. भोंग्यानं पाकीट कौंटरवर आपटलं आणि आवाज चढवला. ती बाई बाहेर आली, त्याला कपाटाआड नेऊन म्हणाली, "माझं चुकलं. चिठ्ठी मागायला हवी होती. त्या भाचीसाठी म्हणाल्या, मी विश्वास ठेवला." मग तिनं विचारलं, "पण तुम्ही याच धंद्यात आहात. त्यांनी तुम्हाला का नाही विचारलं?"

हा प्रश्न मात्र भोंग्यानं मोठ्यानं म्हणून दाखवला नाही. पाकीट खिशात घातलं आणि बाहेर पडला. बसमध्ये माझ्या शेजारी बसून तो सारखं सांगत होता की हल्ली कुणीही उठून दुकान काढतं.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई साध्या होत्या, कमी बोलणाऱ्या. पुढच्या खेपेला आम्ही तिघंही गेलो तेव्हा तपासणीचा कागद त्यांच्यापुढे होता आणि त्यात जे यायला नको तेच आलं होतं. पिशवीत गाठ होती, आणि ती चांगली नव्हती. ऑपरेशन करावं लागणार, आणि किती मोठं करायचं हे ठरवायला त्यांना धाकटीकडून सगळं हवं होतं, कधीपासून जातंय, किती जातंय, गोळ्या किती आणि कधी घेतल्या.

धाकटीनं तोंड उघडायच्या आत भोंगा सुरू झाला. "महिना-दीड महिना असेल, डॉक्टर." त्याला काय माहीत? एका घरात राहून, एका ताटावर जेवून, या माणसाला दीड महिन्यापलीकडचं काही माहीत नव्हतं. मग त्यानं ती गोळी कशी काम करते यावर व्याख्यान सुरू केलं. दार उघडंच होतं. बाहेर बाकांवर बसलेली माणसं माना वळवून बघत होती. धाकटी पदराशी चाळा करत जमिनीकडे बघत होती. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तिला विचारलं, दोन्ही वेळा यानंच उत्तर दिलं.

मी तोंड उघडणारच होते. इतक्यात धाकटी म्हणाली, "यांना बाहेर बसवा. मग सांगते."

भोंगा हसला. "अगं, मी काय परका आहे?"

डॉक्टरीणबाईंनी उठून दार उघडं धरलं. तो माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मी त्याची बाजू घेणार होते. शेवटी गेला. दार लागल्यावर धाकटीनं सगळं सांगितलं, न अडखळता, हिवाळ्यापासूनचं. डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या. मधे एकदा त्यांचं पेन थांबलं आणि त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा दिसलं तेव्हाच आला असता तर..." मग तिचा हात धरून म्हणाल्या, "जे झालं ते झालं. पण आता लपवायचं नाही. ऑपरेशननंतर दुखलं, ताप आला, रक्त दिसलं, तर त्याच मिनिटाला सांगायचं. त्यात उशीर झाला तर मला काही करता येणार नाही." धाकटीनं मान डोलावली.

ऑपरेशन झालं. मोठंच करावं लागलं. एवढ्यानं भागेल की नाही ते पुढे कळणार होतं, अजून किरणांचे उपचार बाकी होते, आणि त्याआधी टाके नीट भरून यायला हवे होते. वॉर्डात आठ-दहा खाटा, मधे पडदे नाहीत. भोंगा रोज यायचा आणि दारातूनच विचारायचा, "काय, पोट साफ झालं का?" सगळ्या खाटा ऐकायच्या. धाकटी मान हलवायची, हो की नाही ते तिलाच ठाऊक.

एके दिवशी तो सकाळीच आला आणि दुकान बंद ठेवून दुपारपर्यंत खाटेशी बसला. का कोण जाणे, गप्प होता. कदाचित डॉक्टरीणबाईंनी त्याला काही सुनावलं असेल. मी डबा घेऊन पोचले तेव्हा तो तिच्यावर वाकला होता. तोंड पार तिच्या कानाशी नेलं होतं आणि काहीतरी विचारत होता, इतक्या हळू की पायाशी उभ्या असलेल्या मला एक अक्षर कळलं नाही. मला तेव्हा दया यायला हवी होती. मला संताप आला. म्हणजे या माणसाला हळू बोलता येत होतं.

धाकटीनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काही नाही. बरंय मला. तुम्ही जा, दुकान उघडा."

त्यानं तिच्या अंगावरची चादर नीट केली. माझ्याकडे वळून, पुन्हा त्या हळू आवाजातच, तो म्हणाला, "ताई, बरं वाटतंय म्हणते." आणि गेला.

ती कान देऊन पडून होती. जिन्यावरचे त्याचे पाय वाजायचे थांबले तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं. हात तापलेला होता.

"सिस्टरला बोलव, ताई," ती म्हणाली. "सकाळपासून रक्त जातंय."